बॅकअप कॅचर उरलेले १२० दिवस काय करतो

न्यू जर्सीहून एका वडिलांनी विचारलं आहे. त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा, हायस्कूलच्या बेसबॉल संघात कॅचर. सामना बघायला आलेला एक स्काउट, म्हणजे क्लबसाठी होतकरू खेळाडू हेरणारा माणूस, जाता जाता म्हणाला, ‘हात फार चांगले आहेत, बॅट बेताची आहे. टिकला तर बॅकअप कॅचर म्हणून बरीच वर्षं खेळेल.’ त्या दिवसापासून घरात सगळे गप्प गप्प आहेत. वडील विचारतात, वर्षाला चाळीसएक सामने खेळायचे, दर वर्षा-दोन वर्षांनी संघ आणि गाव बदलायचं, नाव कुणाच्या लक्षात राहायचं नाही, याला करिअर म्हणायचं का? त्यात माणूस दिवसभर करतो काय आणि कमावतो किती?

त्या माणसानं तुमच्या मुलाची स्तुती केली आहे, हे आधी सांगतो. सतरा वर्षांच्या पोराची बॅट बघायला स्काउट लागत नाही, स्कोअरबुक पुरतं. हात बघायला मात्र डोळा लागतो. आणि ‘बरीच वर्षं’ हे शब्द स्काउट लोक सहज वापरत नाहीत.

मी मूळचा मिरजेचा. फिजिओथेरपी शिकून इकडे आलो आणि एकोणीस हंगाम मायनर लीगच्या संघांसोबत ट्रेनर म्हणून काढले. त्यातले अकरा ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च लीगच्या एक पायरी खाली. ट्रेनरच्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळ कॅचर पडलेला असतो. त्यामुळे या लोकांची गुडघ्यांची आणि अंगठ्यांची जेवढी ओळख झाली, तेवढीच मनाचीही झाली. मी स्वतः व्यावसायिक बेसबॉल खेळलो नाही. जे सांगतोय ते टेबलाच्या या बाजूनं पाहिलेलं आहे.

आपल्याकडे कॅचर म्हणजे विकेटकीपर असं समजावून सांगतात. मीही माझ्या आईला तसंच सांगितलं होतं. पण ते अर्धंच खरं आहे. विकेटकीपर बोलरला दर चेंडूआधी ‘हा टाक, तो नको’ असं सांगत नाही. कॅचर सांगतो. एका सामन्यात एका संघाचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, मिळून साधारण दीडशे चेंडू टाकतात, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक चेंडू आधी कॅचरच्या डोक्यातून गेलेला असतो. समोरचा बॅटर मागच्या वेळी कशावर फसला, आज त्याचे पाय कुठे आहेत, आपल्या पिचरची आज कोणती पिच वळत नाहीये, अंपायर खालचा चेंडू देतोय की नाही, हे सगळं धरून. पिचरला पटलं नाही तर तो मान हलवतो. पण चांगला कॅचर मागे असेल तर मान हलवायची वेळ कमी येते, आणि पिचरच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरतं.

आता बॅकअपचा दिवस. हंगाम १६२ सामन्यांचा. मुख्य कॅचर धडधाकट असेल तर एकशेदहा-एकशेवीस सामने त्याचे. रात्रीच्या सामन्यानंतर लगेच दुसऱ्या दुपारी सामना असला की बॅकअप खेळणार, हे जवळपास ठरलेलं असतं. उरलेल्या दिवशी तो दुपारी दोनच्या सुमारास मैदानात येतो. पिचर्सची मीटिंग असते, तिला मुख्य कॅचरइतक्याच तयारीनं बसतो. मग दोन दिवसांपूर्वी खेळलेल्या स्टार्टरचं बुलपेन, म्हणजे सरावाचे तीसेक चेंडू, तो घेतो. दुखापतीतून उठणारा एखादा पिचर असतो, त्याचेही घेतो. सामना सुरू झाला की डगआउटमध्ये पिचिंग कोचच्या जवळ बसून बघत राहतो. आणि इनिंग संपताना मुख्य कॅचर बॅटिंगला किंवा बेसवर असेल, तर त्याला परत सगळं चिलखत चढवायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात बॅकअप मास्क आणि मिट (कॅचरचा जाड हातमोजा) घेऊन धावत जातो, पिचरचे चार-पाच चेंडू घेतो, आणि मुख्य कॅचर आला की त्याच्या पाठीवर थाप मारून परत येऊन बसतो. टीव्हीवर तेव्हा जाहिरात चालू असते. स्टेडियममध्ये गेलात तर हा अर्धा मिनिट मुलाला मुद्दाम बघायला सांगा. तो परत येताना कॅचरच्या कानात काहीतरी सांगतो. ‘स्लायडर आज बोटातून लवकर सुटतोय,’ असलं काहीतरी. खरं काम ते आहे.

पुस्तकातले आकडे बघितले तर कोड्यात पडाल. जेफ मॅथिस २००५ ते २०२१ असे सतरा हंगाम मेजर लीगमध्ये खेळला, सहा संघांकडून. त्याची कारकिर्दीतली बॅटिंग सरासरी .१९४. म्हणजे शंभरदा बॅट घेऊन उभा राहिला तर एकोणीसदा हिट. दुसऱ्या कोणत्याही जागेवर एवढ्या सरासरीत माणूस एक हंगामही काढत नाही. व्हेनेझुएलाचा हेन्री ब्लँको सोळा हंगामांत अकरा संघांकडून खेळला, सरासरी .२२३. अकरा संघांनी त्याला सोडलं असंही म्हणता येईल. पण अकरा संघांना तो हवा होता, आणि शेवटच्या संघाला तो चाळिशी ओलांडल्यावर हवा होता, हेही तितकंच खरं आहे. पिचर्सना तो मागे बसलेला चालतो का, या एका प्रश्नावर ही नोकरी मिळते आणि टिकते.

याची सगळ्यात नामी गोष्ट डग मिराबेलीची. बॉस्टन रेड सॉक्सकडे टिम वेकफील्ड नावाचा नकलबॉल टाकणारा पिचर होता. नकलबॉल जवळजवळ न फिरता, हवेत डुलत येतो. तो कुठे जाणार हे टाकणाऱ्यालाही नक्की माहीत नसतं. तो पकडायला मिराबेली नेहमीपेक्षा मोठं मिट वापरायचा. २००५च्या डिसेंबरात बॉस्टननं त्याला सॅन डिएगोला देऊन टाकलं. त्याच्या जागी आलेला जॉश बार्ड चांगला कॅचर होता, पण एका एप्रिल महिन्यात त्याच्या हातून १० पास्ड बॉल झाले, म्हणजे कॅचरनं अडवायला हवे होते असे चेंडू सुटले. शेवटी १ मे २००६ला बॉस्टननं बार्डसकट आणखी एक पिचर देऊन मिराबेलीला परत आणलं. त्याच रात्री यांकीजशी सामना होता आणि वेकफील्डच टाकणार होता. मिराबेलीला खासगी विमानानं आणलं, विमानतळावरून पोलिसांच्या गाडीतून सायरन वाजवत मैदानावर नेलं, गणवेश त्यानं गाडीतच चढवला. सामना सुरू व्हायला काही मिनिटं असताना तो पोचला आणि कॅच करायला बसला. सरासरी बघून कुणी पोलिसांची गाडी पाठवत नाही. बार्डबद्दल वाईट वाटून घेऊ नका. सॅन डिएगोत जाऊन त्या वर्षी त्यानं .३३८नं बॅटिंग केली.

डेव्हिड रॉसचं तुमच्या मुलाला कदाचित माहीत असेल. पंधरा हंगाम, बहुतेक सगळे बॅकअप म्हणून. जॉन लेस्टर या पिचरचा तो खास कॅचर. लेस्टरला बेसवर चेंडू फेकताना हात आखडायचा, ही गोष्ट सगळ्या लीगला माहीत होती, आणि ती उणीव रॉस आपल्या फेकीनं झाकायचा. २०१६ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, शिकागो कब्ज विरुद्ध क्लीव्हलंड, सातवा म्हणजे शेवटचा सामना. पाचव्या इनिंगमध्ये लेस्टरला आणलं आणि त्याच्यासोबत रॉसला. आल्या आल्या रॉसची फेक चुकली. पाठोपाठ एक वाइल्ड पिच, म्हणजे पिचरचा भरकटलेला चेंडू, त्याच्या मास्कवर आपटून बाजूला उडाली आणि त्यावर दोन धावा गेल्या. ज्यानं वर्षभर फक्त विश्वासावर जागा टिकवली, त्याच्याच हातून हे घडलं, आणि तेही अशा रात्री. पुढच्या इनिंगला तो बॅटिंगला आला आणि अँड्र्यू मिलरसारख्या पिचरला होमरन मारला. वय ३९, कारकिर्दीतला शेवटचा सामना. कब्ज दहा इनिंगनंतर ८-७ जिंकले, १९०८नंतर पहिल्यांदा. सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर उचललं. लोक होमरन आठवतात. मला त्या दोन धावा गेल्यानंतरचा रॉस जास्त महत्त्वाचा वाटतो. पुढच्या पिचसाठी तो परत खाली बसला आणि ती इनिंग तिथेच संपवली.

दर वर्षी गाव का बदलतं, हा तुमचा प्रश्न. याचं उत्तर कागदपत्रांत आहे. प्रत्येक क्लबची चाळीस जणांची एक यादी असते, आणि त्यातले सव्वीस जण प्रत्यक्ष संघात. चाळिसांत असलेल्या खेळाडूवर तीन वर्षांचे ‘ऑप्शन’ असतात. म्हणजे त्या तीन हंगामांत क्लब त्याला मायनरला खाली-वर पाठवू शकतो, पूर्वी कितीही वेळा, २०२२पासून एका हंगामात पाच वेळाच. ऑप्शन संपले की खाली पाठवण्याआधी त्याला वेव्हरवर टाकावं लागतं आणि दुसरा कुठलाही क्लब त्याला उचलू शकतो. बॅकअप कॅचरचे ऑप्शन तिशीच्या आधीच संपलेले असतात. मग कुणी जखमी होऊन परत आला, किंवा चाळिसांत एका नव्या पिचरला जागा हवी झाली, की सगळ्यात आधी यादीतून ज्याचं नाव निघतं तो हाच. याला सगळे डीएफए म्हणतात. सात दिवसांत क्लब त्याला दुसरीकडे देतो, वेव्हरवर टाकतो किंवा सोडून देतो. पण दुसरीकडे कुठेतरी फाउल टिपनं, म्हणजे बॅटची कड घेऊन आलेल्या चेंडूनं, एका कॅचरचं बोट मोडलेलं असतंच, आणि त्या क्लबला उद्या संध्याकाळपर्यंत माणूस हवा असतो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसं.

एक रात्र सांगतो. ट्रिपल-एचा सामना संपून साडेअकरा झाले होते. आमचा कॅचर, वय तेहतीस, माझ्या टेबलावर दोन्ही गुडघ्यांना बर्फ बांधून पडला होता. मॅनेजरनं दारातून त्याला नुसतं नावानं बोलावलं. तो गेला, तीन मिनिटांत परत आला. दुसऱ्या क्लबनं उचललं होतं, मेजरमध्ये, सकाळी सहाची फ्लाइट, दोन हजार मैल. मला वाटलं आनंदानं उडी मारेल. तो टेबलावर बसला आणि बायकोला फोन लावला. पहिलं वाक्य होतं, ‘गाडी तुला एकटीला चालवत आणावी लागेल.’ दोन मुलं, थोरलीची शाळा सुरू होऊन महिना झालेला. मग त्यानं बर्फ सोडला आणि बॅगेत घालण्याआधी मिट हातात घेऊन त्याची वादी तपासली. गणवेश नव्या ठिकाणी मिळतो, शिन गार्डही मिळतात, मिट मात्र आपलंच हवं. ते मळायला दोन-दोन महिने लागतात. जाण्याआधी त्यानं आमच्या बावीस वर्षांच्या कॅचरच्या लॉकरमध्ये आपली वही ठेवली. लीगमधल्या प्रत्येक बॅटरवर दोन-तीन ओळी होत्या त्यात, तीन हंगामांच्या. कुणी सांगितलं नव्हतं.

पैशाचं स्पष्ट बोलू. मेजर लीगचा किमान पगार २०२६साठी वर्षाला ७,८०,००० डॉलर आहे. तो दिवसाच्या हिशेबानं मिळतो, साधारण रोजचे चार हजारांच्या थोडं वर. मायनरमध्ये २०२३च्या करारानं ट्रिपल-एच्या साध्या खेळाडूचा किमान पगार वर्षाला ३५,८०० झाला, आणि ही त्याआधीच्या दुपटीहून जास्त रक्कम आहे. मेजरचा अनुभव असलेल्याला मायनरमध्येही किमान १,२०,०००च्या पुढे मिळतात, जर तो चाळिसांत असेल तर. दोन पगारांमधली ही दरी बघा, म्हणजे वर बोलावलेल्या प्रत्येक दिवसाची किंमत कळेल. संघासोबतचे १७२ दिवस म्हणजे सर्व्हिसचं एक वर्ष. ४३ दिवस भरले की पेन्शनचा हक्क लागतो. मी असे लोक पाहिलेत जे एकोणतीस दिवसांवर खाली आले आणि पुढची दोन वर्षं ते चौदा दिवस शोधत फिरले. त्यांच्याशी मी कधी दिवसांबद्दल बोलायचो नाही. आकडा त्यांना झोपेतही पाठ असायचा. राहण्याचं म्हणाल तर २०२२पासून मायनरच्या बहुतेक खेळाडूंना क्लबनं घर द्यायचं असतं. त्याआधी दोन खोल्यांत सहा जण हवेच्या गाद्यांवर झोपायचे, आणि त्यात दोन कॅचर असले तर माझं काम वाढायचं.

शरीराचं बोलल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. फाउल टिप ही सगळ्यात वाईट. ताशी पंच्याण्णव मैलांचा चेंडू बॅटची कड घेऊन दिशा बदलतो आणि डोळा मिटायच्या आत अंगठ्यावर, मांडीवर नाहीतर मास्कवर बसतो. डाव्या हाताच्या तर्जनीचं मूळ वर्षानुवर्षं चेंडू घेऊन उजव्यापेक्षा जाड होतं, थंडीत बोट पांढरं पडतं. म्हणून पुष्कळ कॅचर ती तर्जनी मिटच्या बाहेर काढून ठेवतात. अंगठ्याला रोज टेप. माझी टेप लावायची पद्धत प्रत्येक कॅचरसाठी वेगळी असायची, आणि ती चुकली की तिसऱ्या चेंडूला तो माझ्याकडे बघायचा.

मास्कवर बसलेल्या चेंडूबद्दल माझी एक चूक सांगतो, कारण तुमच्या मुलाला तिचा उपयोग आहे. एका सामन्यात आमच्या बॅकअपला चौथ्या इनिंगमध्ये मास्कवर फाउल टिप बसली. मी धावत गेलो, विचारलं, त्यानं सगळी उत्तरं बरोबर दिली. मी खेळू दिलं. सहाव्या इनिंगला त्यानं पिचरला सलग दोनदा एकच सिग्नल दिला आणि तो विसरून गेला. तेव्हा मी त्याला बाहेर काढलं. मेंदूला धक्का बसला होता. तो सात आठवडे बाहेर राहिला. नंतर म्हणाला, ‘मला माहीत होतं, पण मी बसलो असतो तर ते दुसरा माणूस आणणार होते.’ बॅकअपला दुखणं लपवायचा मोह मुख्य खेळाडूपेक्षा जास्त होतो, कारण त्याची जागा एका फोनवर भरता येते. मला हे ठाऊक होतं आणि मी त्याच्या उत्तरांवर भरवसा ठेवला. माइक मॅथेनीसारख्या अव्वल कॅचरची कारकीर्द अशाच धक्क्यांनी संपली. मुलाला आजच सांगून ठेवा की डोक्याला लागलं तर तो निर्णय त्याचा नाही, तुमचाही नाही आणि कोचचाही नाही, तो डॉक्टरचा. माझ्या काळजाजवळची एकच गोष्ट या उत्तरात निवडायची झाली तर ती ही.

आता बदललेल्या काळाबद्दल. २००७-०८च्या सुमारास मैदानांवर चेंडूचा मार्ग मोजणारे कॅमेरे आले आणि कॅचर काठावरचा चेंडू किती शांतपणे घेतो, ज्यानं अंपायर तो स्ट्राइक, म्हणजे बॅटरच्या विरोधात, देतो, याचं मोल धावांत काढता येऊ लागलं. याला फ्रेमिंग म्हणतात. होसे मोलिना हा तीन कॅचर भावांतला मधला, आयुष्यभर बॅकअप. टॅम्पा बे रेजनं २०१२च्या हंगामात, तो ३७ वर्षांचा होत असताना, त्याला मुख्य कॅचर केलं, ते याच हातांसाठी. २०२२पासून सिग्नल बोटांऐवजी बटणांनी देता येतात. २०२३पासून पिचला घड्याळ लागलं, बेस मोठे झाले, बेसवर चेंडू फेकण्यावर मर्यादा आली, आणि बेसच्या चोऱ्या, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसकडे धाव घेणं, वाढल्या. २०२६च्या हंगामापासून मेजरमध्ये अंपायरच्या स्ट्राइक-बॉलला आव्हान देता येतं. दोन आव्हानं प्रत्येक संघाला, बरोबर ठरलं तर ते आव्हान शिल्लक राहतं, आणि मागायचं ते बॅटर, पिचर किंवा कॅचरनंच, त्याच क्षणी, डोक्यावर टापली मारून. काहींना वाटतं यानं कॅचरच्या हातांची किंमत संपली. मला तसं वाटत नाही. सामन्यात मोजक्याच चेंडूंवर आव्हान जाणार, बाकीचे अंपायरच देणार. शिवाय कुठला चेंडू खरंच आत होता हे सगळ्यात नेमकं कॅचरलाच दिसतं. ट्रिपल-एमध्ये हे आधीपासून चालू होतं. जो कॅचर आठव्या इनिंगपर्यंत आव्हान राखून ठेवायचा, त्याच्याबद्दल मॅनेजर वरच्यांना आवर्जून सांगायचे.

एक गोष्ट मात्र खरंच कठीण झाली आहे, तीही सांगितली पाहिजे. एरिक क्रॅट्झ हा कॅचर व्हर्जिनियातल्या एका छोट्या मेनोनाइट कॉलेजमधून आला. २००२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू फेरीफेरीनं निवडण्यात, त्याला २९व्या फेरीत घेतलं. मेजरमध्ये पहिला सामना खेळला २०१०मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी. म्हणजे आठ वर्षं बसमधून. त्यानंतर २०२०पर्यंत दर वर्षी थोडाथोडा का होईना, मेजरमध्ये खेळला. पायरेट्स, फिलीज, ब्लू जेज, रॉयल्स, अॅस्ट्रोज, यांकीज, ब्रूअर्स, जायंट्स, रेज, काही ठिकाणी दोनदा. सरासरी .२०९. २०१८मध्ये ३८व्या वर्षी ब्रूअर्सकडून त्याला पहिल्यांदा प्लेऑफ खेळायला मिळालं आणि रॉकीजविरुद्धच्या मालिकेत त्यानं आठांत पाच हिट मारल्या. स्पॅनिश तो बोलायला शिकला. २०२०मध्ये यांकीजकडे असताना लॅटिन अमेरिकेतून आलेल्या तरुण पिचर्सबद्दल पत्रकारांशी बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. असा माणूस आज पुन्हा घडेल का? आज ड्राफ्ट वीस फेऱ्यांचाच आहे. २९वी फेरीच नाही. २०२१मध्ये मेजर क्लबांशी जोडलेले मायनर संघ १२०वर आणले. आठ वर्षं वाट बघायला ज्या खुर्च्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच उचलल्या गेल्या. ड्राफ्टशिवायही करार मिळतो, आणि कॅचरला तो इतरांपेक्षा लवकर मिळतो, कारण स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये एवढ्या पिचर्सचे चेंडू घ्यायला माणसं लागतातच. पण तुमच्या मुलाला चौथ्या-पाचव्या वर्षाच्या आत वर चढत राहावं लागेल.

म्हणून कॉलेज सोडू नये. हायस्कूलमधून थेट करार आला तरी, फार मोठी रक्कम नसेल तर, मी कॉलेजच सुचवेन. कॅचर उशिरा पिकतो. शिवाय या जागेवर शिकलेल्या माणसांची जुनी परंपरा आहे. कॅचरच्या चिलखताला अमेरिकेत ‘अडाण्याची हत्यारं’ असं जुनं नाव आहे, ते मडी रूएलच्या नावावर सांगतात, आणि रूएल स्वतः वकील होता. मो बर्ग प्रिन्स्टनला भाषा शिकला, कोलंबियातून वकील झाला, पंधरा हंगाम बहुतेक बॅकअप कॅचर म्हणून खेळला आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तचर खात्यात काम केलं.

खेळ संपल्यावर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण वडिलांच्या मनात ते असतंच. पुढे मॅनेजर झालेले बघा. ब्रूस बोची नऊ हंगामांचा बॅकअप कॅचर, मॅनेजर म्हणून चार वर्ल्ड सिरीज. केव्हिन कॅश, बॅटिंग सरासरी .१८३, मॅनेजर ऑफ द इयर दोनदा. स्टीफन वोग्टला मेजरमध्ये पहिल्या बत्तीस प्रयत्नांत एकही हिट नव्हती, तेहतिसावी थेट होमरन. २०२२ला निवृत्त झाला, २०२४ला क्लीव्हलंडचा मॅनेजर झाला आणि पहिल्याच वर्षी मॅनेजर ऑफ द इयर. आपल्या माणसांना हे नवीन वाटू नये. मुंबईचा चंद्रकांत पंडित किरण मोरेच्या मागे राहिला, पाच कसोटी खेळला, आणि मग प्रशिक्षक म्हणून मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला, विदर्भाला सलग दोनदा दिला, २०२२मध्ये मध्य प्रदेशला पहिल्यांदा दिला. बाकावर बसून ज्यानं सगळा खेळ पाहिला आहे, त्याला तो शिकवताही येतो.

आता लगेच करण्यासारखं काय. बॅटिंगचा सराव चालू ठेवा, पण जास्तीचे पैसे बॅटिंगच्या कोचवर घालू नका. ते गुडघे आणि नितंबांच्या व्यायामावर, आणि एखाद्या चांगल्या कॅचिंग कोचवर घाला. मुलानं स्पॅनिश शिकावी. मेजरमधला चारातला एक खेळाडू अमेरिकेबाहेर जन्मलेला असतो, त्यातले बहुतेक डोमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलाचे. घरात मराठी आणि बाहेर इंग्रजी बोलत वाढलेल्या मुलाचा कान आधीच दोन भाषांना सरावलेला असतो, तिसरी त्याला जड जाणार नाही. एक वही ठेवावी, आपल्या पिचर्सची. कोण चिडला की जोरात फेकतो, कोणाला दोन बॅटर सुटले की गप्प बसायला आवडतं, कोणाला कोपरखळी लागते.

आणि पुढच्या सामन्यात तुम्ही स्वतः एक बघा. मुलाच्या पिचरनं चार-चार चेंडू बाहेर टाकून सलग दोन बॅटर फुकट पहिल्या बेसवर चालत सोडले की तुमचा मुलगा काय करतो? जागेवर बसून मिट आपटतो, का उठून माउंडकडे, म्हणजे पिचरच्या उंचवट्याकडे, जातो? गेला तर किती बोलतो? परत येताना पिचरचे खांदे खाली आलेले दिसतात का? घरी आल्यावर बॅटिंगचं काही विचारू नका, त्या वेळी काय बोललास ते विचारा.

स्काउटचं कार्ड जपून ठेवलं असेलच. हंगाम संपला की त्याला फोन मुलानं करावा, तुम्ही नको. ‘माझ्या हातांत तुम्हाला नेमकं काय दिसलं?’ एवढंच विचारावं, आणि उत्तर त्या वहीत लिहून ठेवावं.